छोट्या ब्राउझरवाल्यांनो, या चुका टाळा

‘क्रोमपेक्षा वेगवान’ ही जाहिरात आधी काढून टाका. वेगातल्या उन्नीस-बीस फरकासाठी साठवलेले पासवर्ड आणि बुकमार्क सोडून कोणी बिऱ्हाड हलवत नाही. 2004 मध्ये फायरफॉक्सकडे लोक वळले, कारण त्यांना खरंच त्रास होत होता. इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती 2001 साली आणून मायक्रोसॉफ्ट सुस्तावलं होतं, पॉप-अपनी जीव नकोसा केला होता, आणि फायरफॉक्स ते अडवत होतं, वर टॅबही देत होतं. तेव्हा मोठ्याला करायला परवडणारच नाही असं काम शोधा. ज्याचं पोट जाहिरातींवर चालतं, तो सगळ्या जाहिराती अडवून देणार नाही. जाहिराती अडवणाऱ्या ब्रेव्ह या ब्राउझरला जागा मिळाली ती तिथेच.

स्वतःचं इंजिन (वेबपान वाचून पडद्यावर मांडणारा ब्राउझरचा गाभा) हवंच, हा हट्टही नको. मायक्रोसॉफ्टसारख्यानेसुद्धा डिसेंबर 2018 मध्ये हात टेकून क्रोमियम, म्हणजे गूगलच्या क्रोमचाच खुला पाया, घेत असल्याचं जाहीर केलं. पण इंजिन बदलताना घर रिकामं करू नका. ऑपेरा ब्राउझरने 2013 मध्ये स्वतःचं प्रेस्टो इंजिन सोडलं ते एक वेळ समजू शकतो, पण नव्या पंधराव्या आवृत्तीत नेहमीचे बुकमार्क नाहीत, आत बसवलेलं ईमेलही नाही! वर्षानुवर्षं ऑपेराची वकिली करणारी, मित्रांच्या संगणकांवर ते टाकून देणारी माणसं त्या दिवशी दुखावली. फुकटचा प्रचार असा घालवायचा नसतो. पुढे ऑपेराच्याच एका संस्थापकाने, यॉन फॉन टेट्झनरने, अशाच नाराज मंडळींसाठी विवाल्डी नावाचा नवा ब्राउझर काढला.

‘साइट उघडत नाही, ब्राउझर अपडेट करा असं सांगते’ अशी तक्रार आली, तर लगेच इंजिन खोलून बसू नका. आधी युजर एजंट, म्हणजे ब्राउझर साइटला सांगतो ती स्वतःची ओळख, बदलून क्रोमचं नाव सांगून पाहा. साइट चालली, तर दोष त्या साइटचा. ती फक्त दारावरची पाटी वाचत होती. विवाल्डीने 2019 च्या अखेरीस बहुतेक साइटना स्वतःचं नाव सांगणंच थांबवलं. अपमानास्पद आहे, पण ग्राहकाला वीजबिल भरायचं असतं, तुमचा स्वाभिमान जपायचा नसतो.

पैशाची घाई मात्र सगळ्यात महाग पडते. जून 2020 मध्ये ब्रेव्हमध्ये क्रिप्टो एक्स्चेंजचा (आभासी चलनाच्या बाजाराचा) पत्ता टाइप केला की शेवटी कंपनीचा कमिशन कोड आपोआप चिकटतो, हे उघड झालं. माफी मागावी लागली. गोपनीयता विकणाऱ्याने पत्त्याच्या पट्टीला हात लावायचा? एखादं सर्च इंजिन आधीच निवडून ठेवण्याचे पैसे मिळतात, तसा सर्चचा करार करा, पण एकाच कंपनीवर घर चालवू नका. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाची बहुतेक कमाई गूगलकडून येते, म्हणजे क्रोमवाला प्रतिस्पर्धीच पगार देतो.

आणि एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट. एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायच्या छोट्या सोयी) अस्सल असल्याची खात्री देणाऱ्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत मे 2019 मध्ये संपली आणि जगभरच्या फायरफॉक्समधली एक्स्टेन्शन एकदम बंद पडली. ज्यांच्यासाठी लोक फायरफॉक्स वापरतात, तीच. मुदतीच्या तारखा आज कॅलेंडरवर टाका, आणि आठवण एकाच्या नव्हे, तिघांच्या फोनवर लावा.