उन्हाळ्यात पीसी स्लो होतोय? नवीन कूलर घ्यायच्या आधी व्होल्टेज कमी करून बघा

एप्रिल लागला की नाशकात ओळखीपाळखीतून एकच तक्रार येते, गेम चालू केला की सुरुवातीला मस्त चालतो आणि अर्ध्या तासाने फ्रेम पडायला लागतात, किंवा व्हिडिओ रेंडरला लावला की फॅन बोंबलतात आणि वेळ नेहमीपेक्षा जास्त लागतो. दुकानात नेलं की बहुतेक ठिकाणी पहिला सल्ला मिळतो नवीन कूलरचा. घ्या ना, पण त्याच्या आधी एक पैसा खर्च न करता करण्यासारखं बरंच आहे आणि ते नीट समजून केलं तर पुष्कळ वेळा कूलर बदलायची गरजच राहत नाही.

याला थ्रॉटलिंग म्हणतात, म्हणजे गरम झाल्यावर चिपने स्वतःचा वेग कमी करणं, आणि ते झालं म्हणजे प्रोसेसर खराब झाला हे आधी डोक्यातून काढा. प्रत्येक चिपला तापमानाची एक हद्द ठरवून दिलेली असते, इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप चिपला १०० अंश, रायझन ५ ५६००एक्सला ९५, रायझन ७ ७८००एक्स३डीला ८९, आणि ती हद्द आली की चिप स्वतःच क्लॉक (म्हणजे चालण्याचा वेग) आणि व्होल्टेज खाली ओढते. म्हणजे ती स्वतःला वाचवतेय, फक्त तुमचं काम रेंगाळतं. रायझन ७६००एक्स, ७७००एक्स वगैरे चिप तर फुल लोडला ९५ पर्यंत जाऊन तिथेच टिकून राहायच्या हिशोबाने बनवल्यात, तिथे नुसता ९५ आकडा बघून घाबरू नका, क्लॉक किती टिकतोय ते बघा.

ते बघायचं कसं, तर एचडब्ल्यूइन्फो६४ हे चिपचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर टाका, फक्त सेन्सर्सवाला पर्याय निवडून चालू करा, आणि सिनेबेंच आर२३ या प्रोसेसरला पूर्ण कामाला लावून स्कोअर देणाऱ्या सॉफ्टवेअरची १० मिनिटांची मल्टीकोर टेस्ट लावा. चार गोष्टी वहीत लिहून ठेवा: सीपीयूचं सगळ्यात जास्त तापमान, पॅकेज पॉवर (अख्खी चिप खाते ती वीज) किती वॉट, इफेक्टिव्ह क्लॉक (प्रत्यक्षात मिळालेला वेग), आणि स्कोअर. थर्मल थ्रॉटलिंगच्या ओळीत 'यस' आलं असेल तर निदान पक्कं. खोलीचं तापमान पण लिहा, ते लोक विसरतात आणि नंतर सगळी तुलनाच चुकते.

आता सेटिंगला हात लावायच्या आधी कॅबिनेट उघडा. शहरात सध्या जिकडे तिकडे रस्ते खोदलेले, सातपूर अंबडकडे तर धूळ विचारूच नका, हीटसिंकच्या पात्यांमध्ये त्या धुळीचा नमदा तयार होतो. ब्लोअर मारताना फॅन बोटाने धरून ठेवा, मोकळा सोडला तर गरागरा फिरून बेअरिंग जातं. चिप आणि हीटसिंकच्या मधली थर्मल पेस्ट सुकली असेल तर बदला. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेलं असेल तर बाहेर काढा, एवढ्यानेही फरक पडतो. आणि कृपा करून डेझर्ट कूलरचा झोत सरळ उघड्या कॅबिनेटवर सोडू नका, त्यातून पाण्याचे बारीक थेंब येतात.

मग मुख्य काम, व्होल्टेज. प्रत्येक चिप थोडी वेगळी निघते, एकीला कमी व्होल्टेज पुरतं तर दुसरीला जास्त लागतं, त्यामुळे कंपनी सगळ्यांनाच थोडं जास्तीचं देऊन ठेवते आणि काही मदरबोर्ड त्यावर अजून थोडं चढवतात. भाताला उकळी आल्यावर गॅस मोठा ठेवला तर तो लवकर होत नाही, उतू जातो, तसंच आहे हे, जास्तीच्या व्होल्टेजने स्पीड वाढत नाही, फक्त उष्णता वाढते. आणि ती साधी वाढत नाही, व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. तोच क्लॉक ठेवून १.३० व्होल्टचं १.२० केलं तर वर्ग १.६९ वरून १.४४ वर येतो, म्हणजे चिपच्या चालू कामाची पॉवर साधारण १५ टक्के कमी. सगळा खेळ या वर्गाचा आहे, म्हणून मी कूलरच्या आधी हे करायला सांगतो.

रायझन ५००० किंवा त्यानंतरचा असेल तर सोपं आहे. बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडणारा मदरबोर्डचा सेटिंग मेनू) प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पीबीओ शोधा, त्यात ॲडव्हान्स्ड, त्यात व्होल्टेज कमी-जास्त करणारं कर्व्ह ऑप्टिमायझर, ऑल कोअर, निगेटिव्ह, आणि सुरुवात १० ने करा. एक काउंट म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. टिकलं तर १५, मग २०. कुणीतरी सरळ ३० टाकून मजेत आहे म्हणून तुम्ही पण टाकू नका, त्याची चिप वेगळी, तुमची वेगळी. एवढं माहीत असू द्या की एएमडी पीबीओला ओव्हरक्लॉकिंग धरते, वॉरंटीचा विचार करून ठरवा. ते नको असेल तर इको मोड, म्हणजे चिपची पॉवर मर्यादा खाली आणणारी सेटिंग लावा, १०५ वॉटवाली चिप ६५ च्या गटात येते, सॉकेट पॉवर १४२ वरून ८८ वॉटवर उतरते, मल्टीकोरमध्ये थोडा स्कोअर जातो पण गेमिंगमध्ये बहुतेकांना कळत पण नाही.

इंटेलमध्ये नावाच्या शेवटी के असलेली चिप आणि झेडने सुरू होणाऱ्या चिपसेटचा मदरबोर्ड असेल तर कोअर व्होल्टेज ॲडॅप्टिव्ह किंवा ऑफसेट मोडवर, चिन्ह मायनस, ०.०५० पासून सुरू करा आणि ०.०१० च्या पायरीने खाली जा. चिन्ह दोनदा तपासा, प्लस राहिलं तर उलटा कारभार होईल. बिगर-के चिपला, १२४०० सारख्या, व्होल्टेज बऱ्याचदा लॉक असतं किंवा सीईपी नावाचं संरक्षण मध्ये पडून स्कोअरच खाली आणतं, तिथे व्होल्टेजशी भांडू नका, पॉवर लिमिट, म्हणजे चिपने जास्तीत जास्त किती वॉट खायचे ती मर्यादा बघा. १२४०० चे इंटेलचे आकडे सलग कामाला ६५ आणि थोड्या वेळापुरते ११७ वॉट आहेत, बोर्डवर ४०९५ दिसलं तर त्याचा अर्थ मर्यादाच नाही, ते बदलून इंटेलचे आकडे टाका. आणि १३ किंवा १४ व्या पिढीचा आय७, आय९ असेल तर सगळ्यात आधी बायोस अपडेट करा, जास्त व्होल्टेजमुळे त्या चिप कायमच्या अस्थिर होत होत्या आणि त्यासाठी इंटेलने २०२४ मध्ये ऑगस्टला ०एक्स१२९ आणि सप्टेंबरला ०एक्स१२बी असे मायक्रोकोड, म्हणजे बायोस अपडेटमधून चिपला मिळणाऱ्या दुरुस्त्या काढल्या. अपडेटच्या वेळी यूपीएस लावलेला असू दे, वळवाचा पाऊस आला की आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

प्रत्येक पायरीनंतर तीच सिनेबेंच, तेच आकडे. तापमान उतरलं आणि स्कोअर तेवढाच किंवा जास्त आला तर बरोबर चाललंय. स्कोअर पडला आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये क्लॉक तर पूर्ण दिसतोय पण इफेक्टिव्ह क्लॉक कमी, तर व्होल्टेज गरजेपेक्षा खाली गेलंय, एक पायरी मागे या. सिनेबेंच पास झाली म्हणजे झालं असं पण नाही, कारण कर्व्ह ऑप्टिमायझरचं गडबडणं फुल लोडपेक्षा हलक्या कामात जास्त दिसतं, ब्राउझर उघडा असताना मध्येच रीस्टार्ट वगैरे, म्हणून रात्रभर कोअरसायकलर नावाचं सॉफ्टवेअर लावा, ते एकेक कोअर वेगळा तपासतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगर नावाने (हार्डवेअरच्या चुका इथे नोंदल्या जातात) १८ किंवा १९ नंबरची नोंद दिसली तर पीसी बंद पडलेला नसला तरी सेटिंग मागे घ्या. ज्याच्या पीसीवर टॅलीचा डेटा किंवा लग्नाचे फोटो आहेत त्याने हे सगळं सुरू करायच्या आधी बॅकअप घ्यायचाच. पीसी चालूच झाला नाही तर प्लग काढून क्लिअर सीमॉस करा, म्हणजे मदरबोर्डवर साठवलेली बायोसची सेटिंग पुसा, ती मूळ जागी येतात.

शेवटचं, आपल्या हवेचं. जानेवारीत निफाडला पारा एक आकडी येतो तेव्हा इथे पण खोली २० अंशांच्या आसपास असते, मे महिन्यात तीच खोली ३६ ला जाते, आणि त्याच कूलरवर त्याच लोडला चिपचं तापमान जवळपास तेवढंच, १६ अंश वर सरकतं. गरम चिपला तोच क्लॉक धरायला बऱ्याचदा थोडं जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे थंडीत पास झालेली सेटिंग उन्हाळ्यात अडखळू शकते. टेस्ट दुपारी दोन-तीनच्या सुमारास घ्या, एसी बंद ठेवून, आणि तिथे जे टिकेल त्यातून रायझनला ५ काउंट किंवा इंटेलला ०.०१० व्होल्ट परत देऊन (म्हणजे उणे २० टिकलं तर उणे १५ ठेवून) तीच सेटिंग वर्षभर ठेवा.