छोट्या घरासाठी लॉग बर्नर: यॉर्कशायरला नव्याने आलेल्यांना

दर ऑक्टोबरात तोच प्रश्न येतो. दगडी भिंतींचं जुनं टेरेस्ड (रांगेतलं, शेजाऱ्याला भिंत लागून असलेलं) घर घेतलंय, गॅसचं बिल बघवत नाही, लॉग बर्नर (लाकूड जाळून खोली तापवणारी, काचेच्या दाराची बंद शेगडी) कुठला घेऊ? माझं उत्तर ठरलेलं आहे: पहिल्या हिवाळ्यात घेऊच नका. एक थंडी त्या घरात काढा. आपण बसतो कुठे, वारा कुठून शिरतो, हे कळू दे. माळ्यावर ऊब धरून ठेवणारं 270 मिलिमीटर इन्सुलेशन नसेल तर पैसा आधी तिकडे घाला. घर भाड्याचं असेल तर घरमालकाच्या लेखी परवानगीशिवाय विषयच काढू नका. आणि घरात कुणाला दमा असेल तर बर्नर नकोच, कितीही चांगला असला तरी त्याच्या धुराचे बारीक कण खोलीत येतात.

बिल कमी होईल या आशेने घेत असाल तर हेही ऐका. पेट्रोल पंपावर जाळीच्या पिशव्यांतून मिळणारं लाकूड जाळलं तर ते गॅसपेक्षा महाग पडतं. लाकूड ट्रेलरभर घ्यायला, रचायला आणि वाळवायला जागा असेल तरच हिशेब जमतो.

आता आकार. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, म्हणून सविस्तर सांगते. इथले दुकानदार ढोबळ हिशेब करतात तो असा: खोलीची लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये गुणायची आणि 14 ने भागायचं, येतील तितके किलोवॉट. चार बाय चारची खोली, उंची 2.4 मीटर, म्हणजे साधारण 38 घनमीटर. उत्तर येतं पावणेतीन किलोवॉट. भिंती जुन्या, उघड्या दगडाच्या असल्या तर साडेतीन-चार धरा. बस. तरीही आपली माणसं आठ किलोवॉटचा घेऊन येतात, कारण किमतीत फार फरक नसतो, मोठा घेतलेला बरा वाटतो आणि मित्राच्या घरी तेवढाच असतो. मित्राचं घर चार बेडरूमचं आहे हे कुणी लक्षात घेत नाही.

मोठा बर्नर छोट्या खोलीत लावला की अर्ध्या तासात बसवत नाही. मग हवेचा खटका बंद करून आग मंद ठेवली जाते. मंद आगीत लाकूड धुमसतं, पुरतं जळत नाही. काच काळी होते आणि न जळलेला धूर धुराड्यात वर जाऊन थंड होतो, डांबरासारखा चिकट थर धरतो. हा थर एक दिवस पेट घेतो. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात अगदी असंच झालं. दुसऱ्याच हिवाळ्यात धुराडं पेटलं, अग्निशमन दल आलं, आतला स्टीलचा लायनर (धूर वाहून नेणारी नळी) पूर्ण बदलावा लागला. खर्च बर्नरच्या किमतीपेक्षा जास्त आला. माणसं वाचली हे मोठंच. म्हणून पुन्हा सांगते, लहान घ्या आणि तो जोमात जळू द्या. रात्रभर धुमसत ठेवायची सवय इथल्या जुन्या लोकांचीही आहे, ती उचलू नका.

लहान घेण्याचं आणखी एक कारण: जुन्या घरात 5 किलोवॉटपर्यंतच्या बर्नरला बहुधा भिंतीत कायमचा हवेचा झरोका लागत नाही, त्यावर गेलात की लागतो. नव्या, हवाबंद बांधणीच्या घरांत मात्र लहानालाही लागतो.

ओतीव लोखंडाचा की स्टीलचा? स्टील लवकर तापतं, ओतीव लोखंड ऊब जास्त वेळ धरतं. संध्याकाळी कामावरून येऊन पेटवणार असाल तर स्टील.

आता खास आपल्या स्वयंपाकघरासाठी, जे इंग्रज दुकानदार विचारत नाही आणि आपण सांगत नाही. फोडणीचा वास जावा म्हणून आपण ओट्यावर जोरदार एक्स्ट्रॅक्टर लावतो. स्वयंपाकघर आणि बैठक एकच असेल तर तो पंखा खोलीतली हवा बाहेर ओढतो आणि ती भरून काढायला हवा धुराड्यातून उलटी खाली येते, कार्बन मोनॉक्साइड घेऊन. त्याला वास नसतो. बर्नर असलेल्या खोलीत असा पंखा टाळावा असं इथली नियमावलीच सांगते. बसवणाऱ्याला स्वयंपाकाबद्दल स्पष्ट सांगा. दारं-खिडक्या लावून, घरातले सगळे पंखे पूर्ण वेगाने चालू करून धूर खोलीत येतो का, ही चाचणी आपल्यासमोर करायला लावा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्याच खोलीत, बर्नरपासून 1 ते 3 मीटरवर बसवणं बंधनकारक आहे. जिरं करपलं की धुराचा अलार्म वाजतो, म्हणून बॅटऱ्या काढून ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. कृपा करून ते करू नका.

बसवणारा हेटासकडे (असे बर्नर बसवणाऱ्यांची नोंद ठेवणारी इथली संस्था) नोंदलेला हवा, नाहीतर काउन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलची, म्हणजे बांधकाम तपासणाऱ्या विभागाची, मंजुरी घ्या. कुणी ओळखीचा पोलिश किंवा पंजाबी मिस्त्री उत्तम काम करत असेलही, पण प्रमाणपत्र नसलं तर विमा अडतो आणि घर विकताना वकील तेच मागतो. या देशात शेजारी लाकूड फुकट देईल, पेटवायला शिकवेल, पण कागदाला पर्याय नाही.

लीड्स, शेफील्डचा मोठा भाग धूरनियंत्रण क्षेत्रात येतो. 1952 च्या लंडनच्या जीवघेण्या धुक्यानंतर 1956 चा स्वच्छ हवेचा कायदा आला, त्याचं हे फळ. तिथे डेफ्राच्या (सरकारच्या पर्यावरण खात्याच्या) सूटयादीतला बर्नरच लाकूड जाळू शकतो; धुराड्यातून धूर दिसला तर 300 पौंडांपर्यंत दंड. नवीन बर्नर 1 जानेवारी 2022 पासून इकोडिझाइनचेच, म्हणजे कमी धुराच्या मानकात बसणारेच, विकले जातात. जुना, स्वस्तातला घेण्याचा मोह इथेच सोडा.

लाकडात ओल 20 टक्क्यांच्या आत हवी. ओलमापक घ्या, पण ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर टेकवा. बाहेरून सगळंच कोरडं दिसतं. ॲशचं लाकूड फोडून रचलं तर साधारण वर्षात वाळतं, ओकला दोन वर्षं द्या. रचताना वरून झाका, बाजू उघड्या ठेवा; ताडपत्रीत गुंडाळलेलं लाकूड कुजतं. गोदामातून आणलेले रंगवलेले, औषध मारलेले फळकुट जाळू नका.

पेटवताना चुलीची सवय विसरा. मोठे ओंडके खाली, बारीक काटक्या वर, आणि आग वरून लावायची. सुरुवातीचा धूर निम्म्याहून कमी दिसतो. दार लावलं की फुंकायची गरजच नाही. राख झाकणाच्या लोखंडी डब्यात, घराबाहेर.

धुराडं वर्षातून एकदा तरी, शक्यतो दोनदा साफ करून घ्या. स्वीपला, म्हणजे धुराडं साफ करणाऱ्याला, एप्रिल-मेमध्ये बोलवा. सप्टेंबर उजाडला की सगळ्यांना एकदम आठवण होते आणि तारीख नोव्हेंबरची मिळते.