गप्पी घरी येण्याआधी

गप्पी, मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल हे घरच्या टाकीत पाळायचे मासे अंडी घालत नाहीत, थेट पोहणारी पिल्लं देतात. विकत आणलेली मादी बहुतेकदा आधीच गाभण असते. पुढे नर सोबत नसला, तरी साठवलेल्या शुक्राणूंवर ती काही महिने दर चार आठवड्यांच्या आसपास विते. म्हणून टाकी घेतानाच पिल्लांची जागा धरून चाला. गप्पी-प्लॅटीसाठी ६० लिटर तरी हवीच. मॉली आणि स्वोर्डटेल १० सेंटिमीटरपर्यंत वाढतात, त्यांना लांब टाकी लागते. झाकण विसरू नका, स्वोर्डटेल उडी मारतो.

मासे आणायच्या चार ते सहा आठवडे आधी टाकी पाण्याने भरून फिल्टर चालू करा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन औषध टाकून घालवा. रोज चिमूटभर खाद्य टाकत राहा. ते कुजून माशांना विषारी असा अमोनिया होतो आणि त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करणारे जिवाणू हळूहळू फिल्टरमध्ये वस्ती करतात. पाणी तपासायच्या टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसू लागलं, की टाकी तयार. हा काळ कंटाळवाणा असतो, पण तो टाळला म्हणून पहिल्याच आठवड्यात मासे मेलेले पाहणं फार वाईट. फिल्टर स्पंजचाच घ्या, दुसऱ्या फिल्टरमध्ये पिल्लं ओढली जातात. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा.

या माशांना जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं पाणी मानवतं, पीएच ७ ते ८. मऊ पाण्यात मॉली पंख मिटून एका जागी थरथरत राहते. मीठ टाकण्याचा सल्ला सर्रास मिळतो, पण त्याने पाणी जड होत नाही आणि वनस्पतींना त्रास होतो. त्यापेक्षा प्रवाळाचा चुरा फिल्टरजवळ ठेवा. तापमान २४ ते २६ अंश, मॉलीला थोडं जास्त चालतं.

एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा, नाहीतर नर एकाच मादीचा पाठलाग करून तिला थकवतात. नराचा पोटाखालचा मागचा पंख काडीसारखा असतो, मादीचा पंख्यासारखा. पिल्लं नकोच असतील तर फक्त नर गप्पी आणा.

पिल्लं मोठ्यांच्या तोंडून वाचावीत म्हणून जावा मॉस आणि तरंगणारं हॉर्नवर्ट या पाणवनस्पती आधीपासून दाट वाढू द्या. मादीला छोट्या डब्यात कोंडणं मला पटत नाही, ती घाबरून जाते. पिल्लांसाठी खाद्याची भुकटी आणि आर्टेमियाची (कोळंबीसारख्या बारीक जिवाची) अंडी घरात असू द्या. ही अंडी मिठाच्या पाण्यात साधारण दिवसभरात फुटतात. पिल्लांना दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं द्या. महिना होत आला की नर-मादी वेगळे करण्यासाठी दुसरी टाकी लागेल.

वाढलेली पिल्लं कोण घेणार, हे आजच विचारून ठेवा. नदी-तलावात ती सोडू नका. गप्पी तिथे टिकतात, झपाट्याने वाढतात आणि तिथल्या मूळ माशांचं अन्न आणि पिल्लं खातात.