हिब्रू पंचांग वाचायचे कसे

हिब्रू पंचांग हाती घेणाऱ्या मराठी वाचकाला अर्धी वाट आधीच ठाऊक असते. अमावास्येनंतर महिना सुरू होणे, पौर्णिमा महिन्याच्या मध्यावर येणे आणि ऋतूंशी मेळ राखण्यासाठी अधिक महिना धरणे या गोष्टी आपल्याकडेही आहेत. उरलेली वाट निराळी आहे. पण ती एकदा समजून घेतली, की एका सणाच्या तारखेवरून वर्षातले बहुतेक मोठे सण स्वतःच काढता येतात.

पहिल्यांदा दिवसाची मर्यादा लक्षात घ्यावी. आपला वार सूर्योदयाला बदलतो. ज्यू परंपरेत सूर्यास्ताबरोबर जुना दिवस संपून नवा लागतो, कारण बायबलमधील सृष्टीच्या कथेत प्रत्येक दिवस मोजताना आधी संध्याकाळ आणि मग सकाळ येते. म्हणून छापील दिनदर्शिकेत सणापुढे जी तारीख असते, तिच्या आदल्या संध्याकाळीच सण सुरू झालेला असतो. हा फरक वर्षश्राद्धासारख्या दिवसांसाठी फार महत्त्वाचा ठरतो. मुंबईत २ एप्रिल २०२६ रोजी रात्री आठ वाजता कोणाचे निधन झाले, तर त्या दिवसाची हिब्रू तिथी निसान महिन्याची १५ वी, म्हणजे १५ निसान, धरत नाहीत. सूर्य मावळून गेलेला असल्यामुळे ती १६ निसान होते आणि पुढे दरवर्षी स्मरणाचा दिवा त्याच तिथीला लावला जातो.

आठवड्याचे वार ग्रहांवरून नव्हे, तर क्रमाने ओळखले जातात. रविवार म्हणजे योम रिशोन, पहिला दिवस, सोमवार दुसरा, असे करत शुक्रवार सहावा. स्वतःचे नाव फक्त सातव्या दिवसाला आहे, ते शब्बाथ. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी, पुष्कळ ठिकाणी १८ मिनिटे आधी, घरातील स्त्री दिवे लावते आणि शनिवारी रात्री तीन तारे दिसू लागले की शब्बाथ संपतो. या काळात काम वर्ज्य असते. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणू लागले. एखाद्या समाजाला त्याच्या विश्रांतीच्या वारावरून नाव मिळावे, याहून त्या वाराच्या महत्त्वाचा बोलका पुरावा मला तरी माहीत नाही.

महिने २९ किंवा ३० दिवसांचे असतात. दोन अमावास्यांमधले सरासरी अंतर २९ दिवस, १२ तास आणि ७९३ भाग इतके धरले जाते; येथे तासाचे १०८० भाग कल्पिले आहेत. तिश्री, हेश्वान, किस्लेव, तेवेत, शेवात, अदार, निसान, इय्यार, सिवान, तम्मूझ, आव आणि एलूल ही महिन्यांची नावे बाबिलोनमधून आलेली आहेत. महिन्यांची मोजणी निसानपासून होते, तर वर्षाचा आकडा मात्र सातव्या महिन्यात, म्हणजे तिश्रीच्या पहिल्या दिवशी, रोश हशानाला बदलतो. हा आकडा काढण्यासाठी इसवी सनात रोश हशानापूर्वी ३७६० आणि त्यानंतर ३७६१ मिळवावेत.

बारा चांद्रमासांचे वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान पडते. पेसाह हा सण वसंतातच आला पाहिजे अशी धर्मग्रंथाची आज्ञा असल्याने ही तूट भरून काढावीच लागते. आपल्याकडे ज्या चांद्रमासात संक्रांत येत नाही तो अधिक ठरतो, त्यामुळे अधिक महिना बदलत राहतो. हिब्रू पंचांगात जागा पक्की आहे: १९ वर्षांत सात वेळा, आणि दर वेळी अदारच. वर्षाच्या आकड्याला १९ ने भागावे. बाकी ३, ६, ८, ११, १४, १७ किंवा शून्य उरली तर त्या वर्षी अदार दोन येतात आणि अदारातला पुरिम हा सण दुसऱ्या अदारात साजरा होतो. ५७८७ ला भागल्यास बाकी ११ उरते, म्हणजे ते अधिक महिन्याचे वर्ष आहे.

दोन्ही पंचांगांतील हा फरक प्रत्यक्ष पाहायचा असेल, तर दोन वर्षे शेजारी ठेवून पाहावीत. २२ सप्टेंबर २०२५ रोजी घटस्थापना होती आणि त्याच संध्याकाळी रोश हशाना लागला. २०२६ मध्ये मात्र आपल्याकडे अधिक ज्येष्ठ आधीच येऊन गेलेला असेल आणि हिब्रू वर्षातला जादा अदार अजून यायचा असेल. म्हणून १२ सप्टेंबरचा रोश हशाना घटस्थापनेऐवजी गणेश चतुर्थीच्या दोन दिवस आधी येतो.

रोश हशाना कधीही रविवारी, बुधवारी किंवा शुक्रवारी येऊ दिला जात नाही. तो बुधवारी किंवा शुक्रवारी आला, तर दहाव्या तिथीचा योम किप्पूरचा कडक उपवास शब्बाथला लागून आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी पडेल आणि सलग दोन दिवस ना स्वयंपाक करता येईल, ना मृताचे दफन. रविवार टाळण्याचे कारण सुक्कोथ या मांडवांच्या सणाच्या सातव्या दिवसाशी संबंधित आहे. त्या दिवशीचे विधी शब्बाथला करता येत नाहीत. ही पथ्ये पाळण्यासाठी हेश्वान आणि किस्लेव यांचे दिवस कमीजास्त केले जातात. म्हणूनच २५ किस्लेवला सुरू होणारा आठ दिवसांचा हनुक्का हा दिव्यांचा सण कधी २, तर कधी ३ तेवेतला संपतो.

निसानपासून एलूलपर्यंतचे महिने मात्र ठरलेल्या लांबीचे असतात, आणि सण काढण्याची सोय नेमकी येथेच आहे. पेसाहच्या पहिल्या दिवसाची, म्हणजे १५ निसानची तारीख हाती असली, की तीस दिवस मागे पुरिम, पन्नास दिवस पुढे शावुओथ हा सण, ११२ दिवस पुढे आव महिन्यातील नवमीचा उपवास आणि १६३ दिवस पुढे रोश हशाना मिळतो. रोश हशानापासून नऊ दिवसांनी योम किप्पूर आणि चौदा दिवसांनी सुक्कोथ येतो. नवमीचा वार पेसाहच्या पहिल्या दिवसाचाच असतो. तो शनिवार असेल तर उपवास रविवारी धरतात. बेने इस्राएल या उपवासाला बिरड्याचा सण म्हणत, कारण उपवास बिरड्यावर सोडला जाई.

स्थळाचाही विचार करावा लागतो. प्राचीन काळी चंद्रदर्शनाची साक्ष घेऊन यरुशलेममध्ये महिना जाहीर होई आणि दूरच्या वस्त्यांना वेळेवर निरोप मिळत नसे. त्या शंकेपोटी बाहेरच्या देशांत एक दिवस वाढवण्याची प्रथा पडली. आज गणिताने सारे आधीच ठरते, तरी प्रथा टिकून आहे: पेसाह इस्राएलमध्ये सात दिवस आणि मुंबईत आठ दिवस असतो. रोश हशाना मात्र दोन्हीकडे दोन दिवसांचाच.

सरावासाठी २०२७ घ्यावे. पेसाहचा पहिला दिवस गुरुवार, २२ एप्रिल. मागे मोजल्यास पुरिम २३ मार्च. पुढे मोजल्यास शावुओथ ११ जून, आवची नवमी १२ ऑगस्ट आणि रोश हशाना शनिवार, २ ऑक्टोबर. प्रत्येक सण लागणार मात्र आदल्या दिवशी सूर्य मावळताना. नवमीचा उपवासही ११ ऑगस्टच्या संध्याकाळपासूनच धरावा.