माशीचा फोटो धड का येत नाही? फोकस स्टॅकिंगमधल्या या चुका टाळा

फोकस स्टॅकिंग म्हणजे फोकस थोडा थोडा पुढे सरकवत बरेच फोटो काढायचे आणि त्यांतले शार्प भाग सॉफ्टवेअरने जोडून एकच फोटो करायचा. माशीच्या डोळ्याचा असा स्टॅक बिघडला की राग निघतो सॉफ्टवेअरवर. झिरीन सोडून हेलिकॉन, हेलिकॉन सोडून फोटोशॉप. बिघाड मात्र बहुतेक वेळा शूट करतानाच झालेला असतो, आणि फोटो नीट बघितला तर कुठे झाला तेही कळतं.

डोळ्यावर एक पट्टा शार्प, पुढचा धूसर, पुन्हा शार्प? दोन फोटोंमधलं अंतर जास्त झालंय. १० एक्स, म्हणजे दहापट मोठं दाखवणाऱ्या मायक्रोस्कोप ऑब्जेक्टिव्हचं एनए (लेन्स किती रुंद कोनातून प्रकाश घेते तो आकडा) ०.२५ असेल, तर एका फोटोत जेमतेम ९ मायक्रॉनचा थर फोकसमध्ये येतो. शेजारचे थर एकमेकांवर थोडे चढायला हवेत, म्हणून दर फोटोला ६ मायक्रॉनच पुढे सरका. या हिशेबाने २ मिलिमीटर खोल डोक्याला ३०० च्या वर फोटो लागतात. कॅमेरा पुढे सरकवणाऱ्या, हाताने फिरवायच्या रेलवर हे काम करू नका, मोटरवाली रेलच घ्या. ४ एक्स, एनए ०.१० ला थर साधारण ५५ मायक्रॉनचा असतो, तिथे दर फोटोला ४० मायक्रॉन सरकलं तरी चालतं.

फोटो कमी लागावेत म्हणून मॅक्रो लेन्सचं अ‍ॅपर्चर बारीक करायचा मोह होतो. ५ एक्सला एफ/८ लावलं की प्रत्यक्षात ते एफ/४८ च्या आसपास जातं. मग डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, प्रत्येकच फोटो मऊ येतो, आणि ३०० मऊ फोटो जोडून शार्प फोटो होत नाही. एफ/२.८ किंवा एफ/४ वरच राहा.

केस किंवा मिशा दुहेरी दिसल्या तर काहीतरी हललंय. पंखा बंद करा, रेल सरकल्यावर दोन-तीन सेकंद थांबा, इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन शटर लावा (यात शटरचा पहिला पडदा प्रत्यक्ष हलत नाही, म्हणून धक्का बसत नाही). खोलीत अंधार करून फ्लॅश कमी पॉवरवर वापरला तर त्याची चमक इतकी अल्पकाळ टिकते की बारीक थरथर टिपलीच जात नाही. इतकं करूनही फसलं, तर संशयित खुद्द कीटक. ओलसर डब्यात ठेवून मऊ केलेला नमुना वाळताना मिशी हळूहळू खाली येते. स्टॅक संपल्यावर रेल सुरुवातीच्या जागी नेऊन आणखी एक फोटो काढा आणि पहिल्याशी ताडून बघा. फरक दिसला तर नमुना टाचणीवर पूर्ण वाळू द्या. (पावसाळ्यात सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, नाहीतर बुरशीचाच मॅक्रो काढावा लागेल.)

पार्श्वभूमीवर बारीक रेघा? सेन्सरवर धूळ आहे. सॉफ्टवेअर प्रत्येक फोटो किंचित लहानमोठा करून जुळवतं, त्यामुळे एकाच ठिपक्याची रांग होते. कीटकावरची धूळ मात्र शूटआधीच बारीक ब्रशने काढा.

भुंगेऱ्याच्या पाठीवर पांढरे चट्टे आले तर डिफ्यूझर (प्रकाश मऊ करणारा पडदा) लांब किंवा लहान आहे. ट्रेसिंग पेपरची नळी नमुन्याभोवती अगदी जवळ गुंडाळा. टेबल टेनिसचा अर्धा चेंडूही छान काम देतो.

एकमेकांवरून जाणाऱ्या केसांभोवती धूसर कडा दिसली, की मगच सॉफ्टवेअरकडे वळा. झिरीनमध्ये फोटो जोडायच्या दोन पद्धती आहेत, पीमॅक्स आणि डीमॅप. पीमॅक्स केस नीट राखतं, पण नॉइज आणि कॉन्ट्रास्ट वाढवतं. डीमॅप रंग आणि पोत जपतं, पण केसांच्या जाळ्यात गडबडतं. दोन्ही आउटपुट काढा, डीमॅप खाली ठेवा आणि केसांपुरतं पीमॅक्स रिटचिंग ब्रशने वर आणा.