रेड कंट्रोलर आणि डिस्कवरील देखरेख : या चुका टाळा

सर्व्हर चालू आहे, फायली उघडत आहेत, म्हणजे सगळ्या डिस्क ठणठणीत आहेत, असे गृहीत धरणे ही रेड (अनेक डिस्क जोडून एक संच करण्याची पद्धत) वापरणाऱ्यांची सर्वांत महागात पडणारी चूक आहे. रेड ५ मधील एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही. मात्र त्यानंतर दुसरी गेली तर संपूर्ण अ‍ॅरे (डिस्कचा संच) बंद पडतो.

आपल्याकडे रेडचा नेमका कोणता प्रकार आहे, हे आधी ओळखावे. हार्डवेअर कंट्रोलर (रेड सांभाळणारे वेगळे कार्ड) मागच्या सर्व डिस्क झाकून ऑपरेटिंग सिस्टिमला एकच तार्किक डिस्क दाखवतो, त्यामुळे नेहमीच्या पद्धतीने चालवलेला स्मार्टसीटीएल (डिस्कची प्रकृती तपासणारा प्रोग्रॅम) खऱ्या डिस्कपर्यंत पोहोचतच नाही. मेगारेड कुटुंबातील कार्ड असल्यास त्याला तसा पर्याय आणि डिस्कचा क्रमांक द्यावा लागतो, किंवा त्या कार्डांच्या स्टॉरसीएलआय या साधनाकडे विचारणा करावी लागते. लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये एमडीस्टॅट ही अ‍ॅरेची स्थिती दाखवणारी फाइल पाहिली की पुरते : चार डिस्कच्या चार 'यू' अक्षरांपैकी एकाच्या जागी अधोरेषा दिसली, तर डिस्क गळाली आहे. मदरबोर्डवरील 'रेड' बायोसमध्ये दिसत असले, तरी काम बहुतांशी ड्रायव्हर आणि मुख्य प्रोसेसरच करतात. झेडएफएस (रेडचे काम स्वतःच करणारी फाइल सिस्टिम) वापरायचे असेल, तर रेड कार्डाऐवजी साधा एचबीए (डिस्क थेट सिस्टिमला दाखवणारे कार्ड) घ्यावा.

सर्व्हर अचानक मंदावला की नेटवर्कवर आणि डेटाबेसवर संशय घेतला जातो, पण रेड कार्डाची, वीज गेल्यावर कॅशे जपणारी बॅटरी कोणी पाहत नाही. बॅटरी निकामी झाल्यावर अनेक कंट्रोलर राइट-बॅक (आधी कॅशे या तात्पुरत्या स्मृतीत लिहिणे) सोडून राइट-थ्रूवर (डिस्कवर लिहून झाल्यावरच पुढे जाणे) येतात आणि लेखनाचा वेग कोसळतो. अशा वेळी राइट-बॅक जबरदस्तीने सुरू ठेवू नये. यूपीएस असला तरी सर्व्हरचाच पॉवर सप्लाय जळाला, तर कॅशेमधील न लिहिलेला डेटा गेलाच.

डेस्कटॉपसाठीच्या स्वस्त डिस्क लावण्याचा मोहही टाळावा. खराब सेक्टर वाचताना त्या दीर्घकाळ झगडत बसतात. रेडसाठीच्या डिस्क साधारण 7 सेकंदांत त्रुटी कळवून मोकळ्या होतात. लिनक्सने डिस्कला दिलेल्या आज्ञेची मुदत सहसा 30 सेकंद असते, ती उलटली की बरी डिस्कही अ‍ॅरेबाहेर फेकली जाऊ शकते.

डिस्क बदलतानाची चूक माझ्याकडूनच झालेली आहे. कंट्रोलर स्लॉट 0 पासून मोजत होता, मी 1 पासून. 'स्लॉट 3' म्हणून मी तिसरी डिस्क ओढली, ती चांगली होती आणि अ‍ॅरे तत्क्षणी बंद पडला. तेव्हापासून लोकेटचा (नेमकी डिस्क दाखवणारा) दिवा लुकलुकवल्याशिवाय आणि अनुक्रमांक जुळवल्याशिवाय मी ट्रेला हात लावत नाही. असे घडलेच, तर परत बसवलेल्या डिस्कवर दिसणारे 'फॉरिन कॉन्फिगरेशन' घाबरून पुसू नये, कारण अ‍ॅरेची रचना त्यातच नोंदलेली असते.

शेवटी, सूचनेचा ईमेल खरोखर पोहोचतो का, हे तपासावे. लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडचे साधन असलेल्या एमडीएडीएमच्या मॉनिटरला टेस्ट पर्याय दिला की प्रत्येक अ‍ॅरेसाठी चाचणी-संदेश निघतो. तो बहुधा रूटच्या (प्रशासक खात्याच्या) स्थानिक टपालपेटीत सापडतो, जी महिनोन्‌महिने कोणी उघडलेली नसते.