पिन वाकडी लागते तेव्हा: फिनिशरचं काम शिकणाऱ्यांसाठी

‘पिन वाकडी लागतेय’ असा कॉल आला की नव्या मेकॅनिकचा हात सरळ स्टेपलरकडे जातो. फिनिशरचं, म्हणजे झेरॉक्स मशीनला जोडलेल्या, कॉप्यांचे सेट लावून पिन मारणाऱ्या युनिटचं, पुढचं कव्हर उघडतं, स्टेपलर युनिट सुटून टेबलावर येतं, साफसूफ होतं, परत बसतं, आणि पिन तशीच वाकडी लागते. दुकानदार मागे उभा, गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळलेलं. अशा वेळी पोटात जो गोळा येतो तो मी विसरलेलो नाही, म्हणूनच हे लिहितोय.

ड्रम, फ्यूजर (टोनर तापवून कागदावर पक्का करणारा भाग), पिकअप रोलर तुम्ही बदललेत, सर्व्हिस मोडमध्ये (मेकॅनिकसाठीच्या मेनूत) शिरता येतं, असं धरून चालतो. फिनिशर मात्र बहुतेकांच्या वाट्याला उशिरा येतो. छोट्या दुकानातल्या मशीनला तो नसतोच. बँक, कॉलेज, मोठी झेरॉक्स सेंटरं, इथेच तो भेटतो, आणि तिथे चुका करत शिकायला कुणी वेळ देत नाही.

आधी कागदाचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. फ्यूजरमधून निघालेला कागद फिनिशरच्या तोंडाशी येतो, एन्ट्रन्स सेन्सर त्याची हजेरी लावतो आणि पुढे एक गेट त्याची वाट ठरवतं. पिन नको असेल तर कागद थेट बाहेरच्या ट्रेवर. पिन हवी असेल तर आतल्या तिरक्या ट्रेवर. याला कुणी कंपाइल ट्रे म्हणतं, कुणी प्रोसेस ट्रे. त्या उतारावर कागद मागे घसरतो आणि रबरी पात्यांचं पॅडल फिरून त्याची मागची कड खालच्या स्टॉपरला टेकवतं. मग दोन्ही बाजूंनी जॉगरच्या पट्ट्या आत येऊन त्याला थोपटतात. हाताने सेट लावताना आपण गठ्ठा टेबलावर आधी उभा आणि मग आडवा आपटतो ना, तेच काम इथे प्रत्येक कागदासाठी वेगळं होतं. शेवटचा कागद थोपटून झाला की ठरलेल्या जागी आलेला स्टेपलर पिन मारतो, बेल्टवरची नखं सेटला मागून ढकलून बाहेर काढतात आणि बाहेरचा ट्रे जाडीच्या हिशेबाने खाली उतरतो.

आता स्टेपलर. मोठ्या फिनिशरच्या कार्ट्रिजमध्ये पिना हातातल्या स्टेपलरसारख्या वाकवलेल्या नसतात. सरळ तारा शेजारी शेजारी चिकटवून केलेल्या चपट्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात, बऱ्याच कार्ट्रिजमध्ये एकूण ५००० पिना. मोटर एक फेरी घेते. त्या एका फेरीत सर्वांत पुढची तार वाकून इंग्रजी यू होते, ड्रायव्हर ती कागदातून आरपार ढकलतो, पलीकडे क्लिंचर तिचे पाय दाबून आडवे करतो, आणि सगळं होम पोझिशनला, म्हणजे सुरुवातीच्या जागी, परत येतं. एक फेरी, एक पिन. नवीन कार्ट्रिज घातल्यावर पट्टी टोकापर्यंत यायला काही फेऱ्या रिकाम्या जातात. तेवढ्यात ‘पिन लागत नाही’ म्हणून उघडाउघडी सुरू करू नका.

यातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. स्टेपलरला कागद दिसत नाही. समोर जे येईल त्याला तो ठरलेल्या जागी टोचतो. पिन न लागणं, अर्धी लागणं, पाय नीट न मिटणं, दोन पिना एकदम अडकणं, हे त्याचे दोष. ज्या रेलवर तो सरकतो तिच्यावर चुकीच्या जागी थांबला तर सगळ्या सेटवर पिन सारख्याच अंतराने सरकलेली दिसेल. पण कागद वरखाली झालेत आणि त्यामुळे पिन वाकडी दिसतेय, तर स्टेपलरचा त्यात काहीच संबंध नाही. दुकानदार दोन्हींना ‘पिन वाकडी’च म्हणतो. फरक तुम्हाला करायचाय.

तो कसा करायचा? पिनेकडे बघायचंच नाही, कडांकडे बघायचं. दहा कागदांचे तीन सेट पिन मारून काढा. एक सेट उजेडाकडे धरा आणि चारही कडांवरून नख फिरवा. चारही कडा एकसारख्या असतील आणि पिन जागेवर नसेल, तर स्टेपलरची जागा, त्याचा होम सेन्सर, रेलवरचा बेल्ट बघा. डाव्या-उजव्या कडेला पायऱ्या लागत असतील तर जॉगर. मागच्या कडेला पायऱ्या असतील तर पॅडल किंवा कागदाचा बाक (वाकलेपणा). फक्त शेवटचा कागद बाहेर राहत असेल तर बहुधा तो बाकामुळे स्टॉपरपर्यंत पोचलेला नाही.

आणि तीन सेट का म्हणालो ते सांगतो. पिन मारायला वेळ लागतो, पण मागून कागद येतच असतात. प्रिंटिंग थांबू नये म्हणून बऱ्याच फिनिशरमध्ये पुढच्या सेटचा पहिला कागद वाटेतच थोपवून धरतात आणि दुसऱ्याबरोबर जोडीने खाली सोडतात. पहिल्या सेटच्या आधी पिन मारायचीच नसल्याने त्याला हे लागू नाही. म्हणून पहिला सेट चोख आणि दुसऱ्यापासून वरचे एक-दोन कागद सरकलेले, असं दिसलं तर दोष त्या थोपवून धरण्याच्या वाटेत आहे. तिथले रोलर, गेट, ते हलवणारं सोलेनॉइड बघा. एकच सेट काढून ‘ठीक आहे’ म्हणत निघालात तर संध्याकाळी परत फोन येणार.

आता त्या सापळ्याकडे येतो ज्याने मला सर्वांत जास्त छळलं. यावर जरा लांबण लावणार आहे, वाचाच.

जॉगर कागद मोजत नाही. त्याच्या पट्ट्यांवर रुंदी ओळखणारा डोळा नसतो. मशीन त्याला सांगतं, ‘अमुक साईज येतेय’, आणि तो होम सेन्सरपासून पावलं मोजत त्या साईजच्या रुंदीला जाऊन थांबतो. मशीनला ती साईज कोण सांगतं? खालचा कागदाचा ट्रे. म्हणजे ट्रेमधल्या गाइडची जागा, किंवा ट्रेवरची चकती, किंवा मेनूत कुणीतरी भरलेलं नाव. तिथे खोटं सांगितलं गेलं की वर फिनिशरमध्ये ते खरं मानलं जातं.

आकडे बघा. ए-फोर २१० बाय २९७ मिलिमीटर. लीगल २१६ बाय ३५६. फूलस्कॅप २१६ बाय ३३०. अमेरिकेतला लेटर २१६ बाय २७९. २१० आणि २१६ मध्ये फरक फक्त ६ मिलिमीटरचा. ट्रेजवळ उभं राहिलं तर नजरेत भरत नाही, कारण गाइड ‘साधारण’ लावलेला असतो. आता कागद ए-फोर उभा जातोय आणि मशीन समजतंय २१६ रुंदी. जॉगर २१६ वर थांबणार, कागदाला मध्ये ६ मिलिमीटर मोकळं रान मिळणार. एक कागद इकडे, एक तिकडे. तेच उलट झालं, म्हणजे २१६ चा कागद आणि समज २१० ची, तर जॉगर कागदाला दोन्हीकडून दाबून मधे फुगवणार. मग पिन लागते ती त्या फुगवट्यासकट, किंवा जाम.

आपल्याकडे हे वारंवार होतं त्याला कारणं आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दोन्ही बाजूंनी छापलेला ए-फोर स्वीकारला, तरी करारनामे, प्रतिज्ञापत्रं, सरकारी कार्यालयांतली जुनी प्रकरणं यांमुळे कोर्टाजवळच्या दुकानात लीगलचा रिम असतोच. एकाच ट्रेमध्ये सकाळी ए-फोर, दुपारी लीगल. गाइड सरकवायला विसरायला कितीसा वेळ लागतो? दुसरं म्हणजे रिकंडिशन, म्हणजे वापरलेलं आणि दुरुस्त करून विकलेलं, मशीन. अमेरिकेतून आलेलं असेल तर त्याच्या पोटात इंचाचे कागद घर करून असतात, आणि ए-फोर घातला तरी ते लेटरच समजू शकतं. कागद आडवा जात असेल तर हा फरक ६ नाही, २९७ आणि २७९ चा, म्हणजे १८ मिलिमीटरचा होतो. असं मशीन बाकी सगळ्या कॉप्या सुरेख काढतं आणि फक्त पिन लावताना रडतं.

म्हणून कॉलवर गेलात की पहिलं काम खालचा ट्रे बाहेर ओढणं. गाइड कागदाला टेकलाय का, सैल आहे की करकचून आवळलाय? कागद प्रत्यक्ष पट्टीने मोजा. स्क्रीनवर त्या ट्रेसमोर कोणती साईज लिहिलीय ती वाचा. दोन्ही जुळत नसतील तर फिनिशरचा एक स्क्रूसुद्धा खोलू नका. दुकानदार म्हणेल, ‘अहो दादा, पिन वर लागते, तुम्ही खाली काय बघताय?’ बघू द्या त्याला. तुम्ही मोजा.

साईज बरोबर असेल तर कागदाचा दम बघा. रत्नागिरीला जुलैमध्ये उघडा पडलेला ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) रिम हाताला गार लागतो. त्यातलं पाणी फ्यूजरमध्ये उडतं आणि कागद वाकून बाहेर येतो. वाकलेली कड स्टॉपरला टेकत नाही, पॅडल तिच्यावरून नुसतं घसरतं. नव्या रिमचे वीस कागद घालून तोच सेट काढा. सुधारला तर दोष तिथेच सापडला. ट्रेमधला गठ्ठा उलटा करून ठेवल्यानेही पुष्कळदा बाक कमी होतो. मेनूत पातळ कागदाची सेटिंग असेल तर ती लावून बघा. एवढं करूनही मागच्या कडेला पायऱ्या राहिल्या तर मग पॅडलची रबरी पाती बघा. गुळगुळीत, चकाकणारी झाली असतील तर त्यांची पकड गेलेली असते. पुसून थोडे दिवस चालतील, पण बदलायची सांगून ठेवा.

पिन जामबद्दल थोडक्यात. कार्ट्रिज काढा, त्याच्या तोंडावरची झडप उचला, वाकलेल्या पिना काढा, झडप खटकन बसल्याशिवाय कार्ट्रिज परत घालू नका. स्क्रू ड्रायव्हरने उचकटायचं नाही, तोंडाला एक ओरखडा गेला की ते स्टेपलर कायमचं त्रास देतं. डुप्लिकेट पिनांबद्दल माझं मत कडक आहे: वापरू नका आणि वापरू देऊ नका. तारेची जाडी आणि गोंद यांत जरा फरक पडला की पट्टी मधेच सुटते आणि पुढे सरकत नाही. आणि किती कागद चालतात ते त्या मॉडेलच्या पुस्तकात वाचा. ए-फोरला ५० ची मर्यादा असलेल्या फिनिशरमध्ये ए-थ्रीला बहुधा कमीच असते. पिनेचे पाय मिटत नाहीत अशी तक्रार कित्येकदा निव्वळ जाड गठ्ठ्याची असते.

एक गोष्ट मी गोड शब्दांत सांगणार नाही. कव्हरच्या स्विचमध्ये पुठ्ठा खुपसून उघड्या फिनिशरमध्ये हात घालायचा नाही. सीनिअर करत असला तरी नाही. पन्नास कागदांतून जाणारी पिन बोटाचं काय करेल, विचार करा. उघडं ठेवून हालचाल बघायची असेल तर हात मागे, खिशात.

सीनिअरांवरून आठवलं. ‘आधी पार्ट बदल, मग बघू’ म्हणणाऱ्याकडे वेग शिकायला मिळतो, मशीन शिकायला मिळत नाही. ज्याच्याकडे जाल तो प्रश्न विचारणारा असू दे, भले कमी बोलणारा असो. व्हिडिओ बघून पार्ट सोडवायला नक्की शिकता येतं, मीही बघतो. पण व्हिडिओत दोष आधीच ठरलेला असतो. तुमच्या कॉलवर तो ठरलेला नसतो. एरर कोड नुसता रिसेट करून निघणं मात्र शॉर्टकट नाही, ती फसवणूक आहे. दुकानदाराचीही आणि तुमच्या शिकण्याचीही.

सुरुवातीला काही कळत नसेल तर घाबरू नका. फिनिशरचे आवाज ओळखीचे व्हायला वेळ लागतो. मशीन चालू करताना काही सेकंद कान लावून उभे राहा. स्टेपलर सरकून होमला जातो, जॉगर आत-बाहेर होतात, ट्रे उचलला जातो. चांगल्या मशीनचा हा क्रम एकदा कानात बसला की बिघडलेल्यात कुठला आवाज गळला ते आपोआप कळायला लागतं. हे कुठल्याही पुस्तकापेक्षा लवकर कामाला येतं, आणि सगळ्यांनाच जमतं.

सॅडल स्टिचला, म्हणजे मधोमध पिना मारून घडी घालणाऱ्या युनिटला, इतक्यात एकट्याने हात लावू नका. पण प्रसंग आलाच तर तिथेही स्टेपलर शेवटी. पुस्तिका उलगडून सपाट करा. ए-थ्रीची लांबी ४२० मिलिमीटर, म्हणजे पिना दोन्ही टोकांपासून २१० वर हव्यात. पिना २१० वर आहेत आणि घडी मात्र २०८ वर पडलीय, तर सर्व्हिस मोडमध्ये घडीची जागा २ मिलिमीटरने सरकवा, पिनेची नाही. घडी २१० वर आणि पिना सरकलेल्या असतील तरच पिनेची जागा बदला. दोन्ही एकदम बदलू नका. एक बदल, एक पुस्तिका, परत पट्टी, आणि प्रत्येक वेळचा जुना आकडा वहीत लिहून ठेवा.